विसर्गानंतर जागा सोडायची नाही

बाई चिडलेल्या असायच्या. सकाळी साडेनऊला जिना चढून यायच्या त्याच चिडलेल्या, आणि संध्याकाळी पर्स उचलायच्या तेव्हा सकाळपेक्षा जास्त. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारायचा, "यांचं काय झालंय गं?" मी सांगायचे, "काही नाही. आज बऱ्या आहेत."

मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना, त्यामुळे दिवसभर खळीचा वास. वर आम्ही अकरा जण लोकांच्या वेबसाइटी वर आणायचं काम करायचो. वर म्हणजे सर्चमध्ये वर. घाटकोपरला दाढ दुखणाऱ्या माणसानं दंतवैद्य शोधला की आमचा दंतवैद्य आधी दिसला पाहिजे, दुसऱ्याचा नंतर. बाईंना सरांनी घेतलं होतं ते मराठी मजकूर तपासायला. नोकरीची जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला, आणि त्या जाहिरातीतल्या सात चुका लाल पेनानं दुरुस्त करून अर्जाला जोडल्या. सरांना ते भारी वाटलं. सरांना तेव्हा बरंच काही भारी वाटायचं.

बाई तेव्हा अठ्ठावन्नच्या होत्या, मी चोवीसची. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम कोण? आणि आंटी म्हणालीस तर जिन्यावरून ढकलीन. शाळेत बाई म्हणायचीस ना? तेच म्हण."

त्याआधी तीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात होत्या, चौकशीच्या टेबलावर. पूर्वी कुणाचा नंबर हवा असला की चौकशीला फोन लावून माणसाला विचारायला लागायचं. तो पलीकडचा माणूस म्हणजे बाई. पुढे नंबर विचारणारे संपले, खात्यानं त्यांना काही वर्षं नुसतंच बसवून ठेवलं आणि मग निवृत्तीचा कागद पुढे केला. तिथला हेडफोन त्या घेऊन आल्या होत्या. तो डोक्यावर चढवल्याशिवाय त्या कॉम्प्युटर सुरूच करायच्या नाहीत. त्याची वायर कशालाच जोडलेली नसायची, पिन पदरात खोचलेली.

"कान झाकल्याशिवाय मला माणसाचं ऐकू येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

"पण बाई, इथे माणूस कुठेय?"

"शोधणारा माणूसच असतो ना? का कुत्रं असतं?"

सर्चच्या आज्ञा त्यांना मी शिकवल्या, त्यांच्या तिसऱ्या दिवशी, काम नव्हतं म्हणून. साइट असा शब्द लिहायचा, त्याला कोलन द्यायचा आणि लगेच वेबसाइटचा पत्ता. मग सर्चला त्या वेबसाइटची जेवढी पानं माहीत असतील तेवढीच दिसतात. बाईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "हा विसर्ग कशाला?"

तेव्हापासून आमच्याकडे कोलन संपला. "साइटला विसर्ग दे." "फाइलटाइपला विसर्ग देऊन पीडीएफ लिही." कुणाला काही सापडलं नाही की त्या आपल्या जागेवरून ओरडायच्या, "विसर्गानंतर जागा सोडायची नाही! जागा सोडलीस म्हणून तो हरवला!" बहुतेक वेळा कारण तेच असायचं, म्हणून आणखी राग यायचा. शब्दांना अवतरणचिन्हं दिली की तेच शब्द त्याच क्रमानं मिळतात, वजा लावला की नको ते गळून पडतं, हे सगळं त्यांनी आठवड्यात हातात घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात मला शिकवायला लागल्या. त्यांच्या दृष्टीनं नवीन काहीच नव्हतं.

"लोक फोन करून म्हणायचे, शहांचा नंबर द्या. घाटकोपरला शहा किती असतात माहितेय? मग मी विचारायचे. कापडवाले का? नाही? वजा. औषधवाले? वजा. पंतनगरचे? वजा. उरले ते तुमचे. यात तुमच्या इंजिनानं काय मोठं केलं?"

बोरिवलीचे एक मिठाईवाले आमच्याकडे यायचे. रोज सकाळी स्वतःच्या दुकानाचं नाव सर्चमध्ये टाकून बघायचे आणि पहिलं आलं की खूश व्हायचे. एकदा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. सर हसत होते, आम्ही पेढे खात होतो. बाईंनी एक पेढा खाल्ला, सावकाश, आणि मिठाईवाल्यांना आपल्या स्क्रीनसमोर बसवलं.

"नावानं सापडणं हे सापडणं नाही. तुमचं नाव ज्याला माहितेय तो चालत येईल. ज्याला माहीत नाही त्याचं बघू." त्यांनी बोरिवली, पेढे, मिठाई असे शब्द लिहिले आणि पुढे दुकानाचं नाव वजा केलं. दुसऱ्यांची दुकानं आली. मग तो वजा नावासकट काढला. तरी दुसऱ्यांचीच दुकानं आली. त्या चौथ्या पानापर्यंत गेल्या. मिठाईवाल्यांचा चेहरा उतरला. बाई एकदम सरांकडे वळल्या. "एवढा चांगला पेढा आहे! मग हा माणूस सापडत का नाही?"

त्यांचा राग असा असायचा. कुणीतरी कुठेतरी सापडायला हवं होतं आणि सापडत नव्हतं, आणि इथे आम्ही पेढे खात होतो.

सरांबद्दल सांगायला हवं. सर पस्तिशीचे, कायम घाईत, दोन फोन. 'निगेटिव्ह' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. ग्राहकाला वाईट बातमी द्यायची वेळ आली की म्हणायचे, "ऑर्गॅनिकला टाइम लागतो ना." ऑर्गॅनिक म्हणजे जाहिरातीचे पैसे न भरता वर येणं. मीही हे वाक्य शिकले होते. चांगलं बोलायचे मी ते.

घाटकोपरला एक माणूस व्हीलचेअर आणि दवाखान्यातल्या खाटा भाड्यानं द्यायचा, दुरुस्तही करायचा. आमच्याकडून वेबसाइट करून घेऊन सात महिने झाले होते, एकही फोन आला नव्हता. दर महिन्याला तो नम्रपणे विचारायचा आणि दर महिन्याला मी ते वाक्य म्हणायचे. एकदा बाईंनी माझ्या खांद्यावरून बघून विचारलं, "याच्या साइटला विसर्ग दिलास का कधी?"

दिला नव्हता. दिला, तर शून्य. एकसुद्धा पान नाही. वेबसाइट बनवताना, काम चालू आहे तोवर सर्चनं इकडे बघू नये म्हणून एका चौकोनात खूण करतात. ती पुसायला आमचा माणूस विसरला होता. सात महिने ती वेबसाइट होती आणि नव्हती.

सर म्हणाले, "चला, मिळालं ना कारण. खूण काढून टाका. त्याला काही बोलू नका, उगाच निगेटिव्ह होतं."

बाईंनी तिथेच टेबलावरचा फोन उचलला. "नमस्कार. तुमची वेबसाइट आमच्या चुकीनं सात महिने बंद होती. तुमचं काही चुकलेलं नाही. आज चालू केली आहे. माफ करा." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावरचा फोन काढून नेला गेला. ग्राहकाशी बोलायचं नाही, पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. मला त्यांची भीती वाटली आणि खरं सांगायचं तर रागही आला. नम्रपणे विचारणाऱ्या त्या माणसाला सात महिने मी उत्तरं दिली होती. बाईंनी अर्ध्या मिनिटात मला खोटं पाडलं.

मग ती लॅब आली.

रक्त-लघवी तपासायची लॅब, नाव सांगत नाही. मुलुंडला मोठी शाखा, आणखी तीन उपनगरांत. मालक डॉक्टर होते, पाचवी शाखा काढायच्या बेतात होते, आणि तिचं सगळं काम सरांना हवं होतं. गुरुवारी मीटिंग ठरली होती. सोमवारी सरांनी मला सांगितलं, "त्यांची साइट किती दिसते त्याचा झकास रिपोर्ट कर. ग्राफ मोठा घे."

ग्राफ खरंच मोठा होता. तीन महिने त्या वेबसाइटवर येणाऱ्यांची संख्या चढत होती. काम माझं होतं. सरांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, आणि पुढच्या महिन्यापासून मी टीम लीड होणार होते.

दुपारी तीनच्या सुमाराला मी साइटला विसर्ग दिला. पानांमागून पानं यायला लागली. मी खुशीत बाईंना हाक मारली.

बाईंनी बघितलं. "यांच्या वेबसाइटला पानं किती?"

"चाळीसेक."

"मग ही एवढी कुठून आली? ती चाळीस वजा कर."

आम्ही वजा करत गेलो. शाखांची पानं वजा, दरपत्रक वजा, आरोग्यावरचे लेख वजा. तरी यादी संपेना. मग बाई म्हणाल्या, "फाइलटाइपला विसर्ग. पीडीएफ." मी एंटर दाबलं.

रिपोर्ट होते ते, पेशंटचे. नाव, वय, मोबाइल नंबर, खाली तपासणी आणि निकाल. रिपोर्ट ठेवायचं फोल्डर लॅबनं कुलूप न लावता वेबसाइटवरच ठेवलं होतं आणि सर्चनं ते एकेक करून वाचून काढलं होतं. सगळ्यात वरचा रिपोर्ट एका मुलीचा होता. माहुलचा पत्ता, वय सव्वीस, थुंकीची तपासणी, टीबीचे जंतू आढळले. दोन वर्षांपूर्वीची तारीख.

बाईंनी स्क्रीनवर हात ठेवला. अख्खा पंजा, तिच्या नावावर. मागे भिंतच होती, कुणी बघत नव्हतं.

"हे नाव अवतरणचिन्हात घाल. दुसरं काही लिहू नकोस."

मी घातलं. साध्या माणसाचं नाव नेटवर फारसं कुठे नसतंच. पहिलाच निकाल तो रिपोर्ट.

"पहिला नंबर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी मान वर करून बघितलं. "आता दाखव, लोक काय शोधून या वेबसाइटवर येतात."

ते बघायचं पॅनेल माझ्याकडे होतं. मी तीन महिने त्यातला फक्त ग्राफ उचलत होते, यादी उघडून बघितली नव्हती. यादीत नावं होती. माणसांची पूर्ण नावं, आडनावासकट, एकाखाली एक.

"कोण शोधत असेल यांना?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? नोकरी देणारे. घर भाड्यानं देणारे. स्थळ बघणारे." बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "तुझा ग्राफ हा आहे, बाय."

आम्ही सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, हे मला कबूल करायला हवं. मग त्यांनी दार लावलं.

"हे तुम्ही दोघींनीच पाहिलंय ना? ओके. गुरुवारनंतर काढू."

"गुरुवारनंतर?" बाई म्हणाल्या.

"बाई, आत्ता काढलं तर ट्रॅफिक धाडकन खाली येईल. मी गुरुवारी डॉक्टरला काय दाखवू? पाचवी शाखा हातातनं जाईल. इतके महिने पडलंय ना ते? तीन दिवसांत काय होणारेय? चिल करा ना जरा."

"आज सोमवार आहे," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

बाई माझ्याकडे वळल्या. "पॅनेलचं लॉगिन तुझ्याकडे आहे. विनंती टाक."

त्या पॅनेलमधून विनंती टाकता येते. फोल्डरचा पत्ता लिहायचा, हे दाखवू नका असं सांगायचं, आणि दिवसभरात त्यातलं सगळं सर्चमधून दिसेनासं होतं. मला ते येत होतं. मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते.

"सर म्हणतायत तर, बाई... गुरुवारीच आहे ना मीटिंग."

बाईंनी मला काहीतरी बोलायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला एक जागा सोडली म्हणून त्या ओरडायच्या, आणि मला त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या बाहेर गेल्या. त्याचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता.

मंगळवारी जेवायच्या सुट्टीत त्या जिन्यात दिसल्या. डोक्यावर हेडफोन, पिन पदरात, आणि हातात स्वतःचा मोबाइल, तो एका बाजूनं हेडफोन सरकवून कानाला लावलेला. रिपोर्टवरचे नंबर कागदावर उतरवले होते आणि त्या एकेकाला फोन करत होत्या.

"नमस्कार. आपण स्वतःच बोलताय ना?" समोर दुसरं कुणी असलं की सॉरी म्हणून ठेवायच्या, कुठल्या कामासाठी फोन ते सांगायच्या नाहीत. तोच माणूस असला की म्हणायच्या, "आपला तपासणीचा रिपोर्ट नेटवर उघडा पडलाय. आपलं नाव शोधलं की दिसतो. लॅबमध्ये जाऊन काढायला सांगा. मी कोण ते महत्त्वाचं नाही."

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तीस वर्षं चौकशीच्या टेबलावर वापरलेला असणार. थंड, गोड, स्पष्ट. लोक त्यांना शिव्या घालत होते. एकानं विचारलं, आता ओटीपी मागणार का. एक बाई म्हणाल्या, पोलिसात देईन. मला जिन्यात उभं राहून पलीकडचा आरडाओरडा ऐकू येत होता. बाई प्रत्येकाला दोनदा सांगायच्या, मग आभार मानून पुढचा नंबर लावायच्या. कायम चिडलेली ही बाई त्या दोन दिवसांत कुणावरही चिडली नाही.

बुधवारी मी डबा घेऊन मुद्दाम जिन्यात गेले. माझं मन मला खात होतं. बाई खालच्या पायरीवर उभ्या राहून बोलत होत्या आणि मध्येच गप्प झाल्या.

"हो... हो गं. नाही, तुझी काय चूक त्यात?... कधी?" मग बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. मग वर बघितलं, मी दिसले, आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली. पुढचं बोलणं इतकं हळू होतं की मला ऐकू आलं नाही. फोन झाल्यावर त्या पायरीवर बसल्या. बाईंना मी पायरीवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. साडी मळते म्हणून त्या डबासुद्धा उभ्यानं खायच्या.

"कोण होतं, बाई?"

"माहुलची. काल फोन लागला नव्हता तिचा."

"काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप चिडल्या की बाई मालवणीत बोलायच्या, पण हे रागाचं वाटत नव्हतं. "जेव तू," त्या म्हणाल्या. "जेवाण थंड जातला."

गुरुवारी सकाळी मुलुंडच्या शाखेत, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांच्या रांगेत, पंधरा-वीस माणसं हातात फोन घेऊन उभी राहिली. कुणी ओरडत होते, एक म्हातारे गृहस्थ नुसतेच रडत होते म्हणे. डॉक्टरांचा फोन सरांना दहाला आला. बारापर्यंत लॅबच्या माणसानं फोल्डरला कुलूप लावलं. साडेबाराला सरांनी आम्हाला सगळ्यांना उभं केलं आणि बाईंना सांगितलं की उद्यापासून येऊ नका.

"तुम्ही क्लायंटच्या पेशंटना फोन केले! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच सांगितलं नाही. पेशंटनाही कुणी सांगितलं नाही. तोच तर प्रश्न आहे."

"बाई, तुमच्यामुळे या अकरा लोकांच्या पोटावर पाय येईल. काही लाज?"

"लाज?" आता त्या चिडल्या. हेडफोन काढून त्यांनी वायर गुंडाळली. "मेल्या, लाज तुका नाय वाटणा? माका काढूक तुका दोन मिनटां लागली. ता काढूक चार दिवस?"

बाई माझ्या टेबलापाशी आल्या. फोल्डरला कुलूप लागलं होतं तरी सर्चमध्ये नाव आणि त्याखाली दोन ओळी दिसतच होत्या. आपण काढायला सांगेपर्यंत त्या तशाच राहतात.

"विनंती," बाई म्हणाल्या.

"टाकते, बाई."

"आत्ता."

"आत्ता कोणी कशाला हात लावणार नाही," सर म्हणाले. "डॉक्टर वकिलांशी बोलतायत."

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवला. बाईंनी तो हात बघितला. मग पर्स उचलली आणि गेल्या.

शुक्रवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. मुलीचा आवाज. "परवा मला तुमच्याकडच्या एका बाईंचा फोन आला होता. तो नंबर आता लागत नाही. त्यांनी तुमच्या कंपनीचं नाव सांगितलं होतं. त्यांना द्या."

"त्या आता इथे नसतात."

"मला त्यांच्याशीच बोलायचंय."

"काय काम होतं?"

"लिंक आता उघडत नाही, पण माझं नाव टाकलं की खाली टीबी लिहिलेलं दिसतंच. मी बरी झालेय हो. दीड वर्ष झालं बरी होऊन. तुम्हाला काढता येतं का?"

मी सरांना विचारलं नाही. तिला फोनवर थांबवून पॅनेल उघडलं, फोल्डरचा पत्ता लिहिला, विनंती टाकली. दोन मिनिटं लागली. संध्याकाळी मी तिच्या नंबरवर 'काढलं आहे' असा मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं नाही.

वाईट असं कुणाचंच काही झालं नाही. डॉक्टरांनी लॅबच्या वेबसाइटचा रंग बदलला आणि पाचवी शाखा काढली. तिचं काम सरांनाच मिळालं, कारण आतली गोष्ट माहीत असलेला माणूस बाहेर सोडण्यापेक्षा जवळ ठेवलेला बरा, असं डॉक्टरांना वाटलं असावं. सरांचं ऑफिस आता अंधेरीला आहे, काचेचं. तिथे ते पोरांना विश्वासार्हतेवर भाषण देतात. त्याचा व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला होता. मी तो पूर्ण बघितला. असा संताप आला की फोन पलंगावर फेकला, आणि मग आठवलं की त्या महिन्यात मी टीम लीड झाले होते आणि पुढे आठ महिने तिथेच होते.

बाई मला गेल्या वर्षी मुलुंड पूर्वेच्या बाजारात दिसल्या. केस पूर्ण पांढरे. एका भाजीवाल्याच्या पाटीवरचं 'कोथिंबिर' अंगठ्यानं पुसून त्यातला ऱ्हस्व खडूनं दीर्घ करत होत्या आणि भाजीवाला वैतागून म्हणत होता, "मावशी, घ्यायची तर घ्या ना." मी हाक मारली. त्यांनी मला लगेच ओळखलं, पण आनंद वगैरे काही दाखवला नाही.

मी सगळं एका दमात बोलले. की माझं चुकलं, की मी घाबरले होते, की मला अजून झोपताना आठवतं. बाई खडू हातात धरून ऐकत होत्या.

"मला कशाला सांगतेस? माझं काय गेलं?"

"तुमची नोकरी गेली, बाई."

"नोकरी!" त्या मला उडवून लावत म्हणाल्या. "तिला फोन केलास?"

"कोणाला?"

त्यांनी खडू भाजीवाल्याच्या पाटीवर ठेवला. "कोणाला म्हणून विचारतेस," त्या म्हणाल्या, आणि जुडी न घेताच चालायला लागल्या. मी तिथे उभी राहून तणतणले. मनातल्या मनात त्यांना म्हटलं, चार वर्षांनी भेटतेय, माफी मागतेय, आणि तुमचा ताठा काही जात नाही.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी घरी जाऊन लावला. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "हां. तुम्ही काढलंत ते. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं."

तिनं थँक्यू म्हटलं म्हणून मला सांगणं सोपं वाटलं. म्हटलं, तुमचा रिपोर्ट उघडा आहे हे मला आधीच कळलं होतं, मी उशीर केला.

"आधी म्हणजे कधी?"

"सोमवारी. दुपारी तीनला."

"मंगळवारी संध्याकाळी मुलाकडचे लोक आमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "साखरपुड्याची तारीख काढायला. रविवारी मी त्यांच्या घरी जेवून आले होते, सगळं छान होतं. मंगळवारी त्याच्या मामानं फोन काढून माझ्या बाबांसमोर धरला. हे काय आहे म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण त्या बाईंनी मला बुधवारीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं ना त्यांना, तुम्हाला कधी कळलं म्हणून. त्या म्हणाल्या, सोमवारी कळलं होतं. माझ्या हातात होतं काढणं, मी उशीर केला. शुक्रवारी मी त्यांना तेच बोलायला फोन केला होता."

"त्यांच्या हातात नव्हतं," मी म्हणाले. "लॉगिन माझ्याकडे होतं. त्यांनी मला त्याच मिनिटाला सांगितलं होतं काढायला. मी काढलं नाही."

"त्यांच्याकडे नव्हतंच?"

"नाही."

"म्हणजे एवढी वर्षं मी त्या बाईंना शिव्या देतेय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.